कासार्ड्याची वाळू, जांभ्याखालची माती आणि रुसलेला सिग्नल : लोहामुळे टी-वन कमी होतो म्हणजे नक्की काय?

सड्यावरचा (धागाकर्ता) :
मंडळी, विषय जरा किचकट आहे पण इथे फिजिक्स-केमिस्ट्रीतली बरीच मंडळी पडीक असतात म्हणून टाकतोय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी आपल्या भागातलीच दोन सॅम्पल्स घेतलीत, एक कासार्ड्याकडची सिलिका वाळू आणि दुसरी रत्नागिरीजवळच्या एका चिरेखाणीत जांभा संपल्यावर तळाला जी पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते ती. दोन्हींचा सॉलिड स्टेट एनएमआर (घन पदार्थातल्या न्यूक्लियसचा चुंबकीय सिग्नल मोजणं) काढायचाय, सिलिकॉन-२९ वर. मशीन मुंबईत, स्लॉट रात्रीचा, म्हणजे तुतारी एक्सप्रेस पकडा, रोटर (सॅम्पलची फिरती नळी) भरून द्या आणि सकाळपर्यंत स्क्रीनकडे बघत बसा.

तर झालंय असं की वाळू जवळजवळ नुसती क्वार्ट्झ, आणि तिचाच सिग्नल येत नाही, रात्रभर चालवलं तर एक बारीकसं टेकाड दिसतं. माती मात्र पाच सेकंदांच्या डिलेवर (दोन पल्समधला थांबा) धपाधप सिग्नल देते पण रेषा जाड आणि दोन्ही अंगांना साइडबँडची (मुख्य रेषेच्या छोट्या नकलांची) रांग. ऑपरेटर म्हणतो मातीत लोखंड आहे म्हणून स्पेक्ट्रम खराब, ॲसिडने धुऊन आण. गाइड म्हणतात लोखंड आहे म्हणून तर सिग्नल मिळाला, नशीब समज. आता दोघंही बरोबर कसे? आणि वाळूचे दाणे पण पिवळसर आहेत, म्हणजे लोह तिच्यातही आहे, मग तिला त्याचा फायदा का होत नाही?

देवगडकर :
आमच्या वाळूक मुंबैक नेवन फिरवतत हां काय! बरां चाल्लाहा. वाचतंय रे, लिवा.

फिरकी_गोलंदाज :
दोघंही बरोबर आहेत. लोह एकाच वेळी दोन कामं करतं, टी-वन (पल्सनंतर न्यूक्लियसला समतोलावर परतायला लागणारा वेळ) खाली आणतं आणि रेषा पसरवतं, पण ही दोन कामं प्रत्येक वेळी एकच लोह करतं असं नाही, त्यावर पुढे येतो.

आधी टी-वन. न्यूक्लियसला रेडिओलहरींची पल्स मारून ढवळलं की परत मूळ समतोलावर यायला त्याला ऊर्जा कुठेतरी द्यावी लागते, आणि त्यासाठी आजूबाजूला त्याच्याच फ्रिक्वेन्सीने हलणारं चुंबकीय क्षेत्र लागतं. पाण्यात रेणू गरगरत असतात त्यामुळे हे फुकटात होतं. क्वार्ट्झच्या स्फटिकात सगळं जागच्या जागी घट्ट, सिलिकॉन-२९ ला शेजारी कोणी हलणाराच नाही, म्हणून शुद्ध क्वार्ट्झमध्ये टी-वन तासांत जातो. तू पाच सेकंदांनी परत पल्स मारतोयस म्हणजे बिचाऱ्याला उठू न देता परत झोपवतोयस, रात्रभर केलंस तरी काय मिळणार.

ह्यावर एक मजेशीर इतिहास आहे. नेदरलँड्समधल्या गॉर्टरने १९३६ मध्ये आणि परत १९४२ मध्ये घन पदार्थात न्यूक्लियर रेझोनन्स शोधायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा काही दिसलं नाही, नंतर असं मानलं गेलं की स्फटिक फार शुद्ध होते, टी-वन फार मोठा होता आणि सिग्नल सॅच्युरेट होत होता, म्हणजे न्यूक्लियस परत उठायच्या आत पुन्हा ढवळले जात होते. १९४५ च्या डिसेंबरात पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी मेणावर, पॅराफिनवर, प्रोटॉनचा सिग्नल पकडला तेव्हा त्यांनाही हीच धास्ती होती, म्हणून त्यांनी सॅम्पल आधी कितीतरी तास चुंबकात ठेवून दिलं होतं. तिकडे स्टॅनफर्डला ब्लॉखच्या गटाने पाण्यात फेरिक नायट्रेट टाकलं, रिलॅक्सेशन, म्हणजे हे समतोलावर परतणं, भराभर व्हावं म्हणून. ब्लॉख आणि पर्सेल दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं.

आणि खरी कडी म्हणजे स्फटिकात हे सगळं कशामुळे होतं ते ब्लूमबर्गननं १९४९ मध्ये मांडलं, ते काम त्यानं गॉर्टरच्याच लायडनच्या लॅबमध्ये केलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात, स्फटिकात नावालाच असलेले पॅरामॅग्नेटिक (सुटे इलेक्ट्रॉन असलेले) आयन सगळ्या न्यूक्लियसना समतोलावर उतरवतात. कारण सोपं आहे, इलेक्ट्रॉनचं मॅग्नेटिक मोमेंट प्रोटॉनच्या ६५८ पट, आणि रिलॅक्सेशनच्या दरात त्याचा वर्ग येतो, म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त पट. लोहाचा तीन-प्लस आयन तर पाच सुटे इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला असतो.

देवगडकर :
माका एक सांगा. लाखात एक आयन आसलो तर लांबच्या न्यूक्लियसाक तो हयसर आसा ह्यां कळता कसा? (सगळ्यांसाठी शुद्धात : पोचतं कसं?)

फिरकी_गोलंदाज :
बरोब्बर प्रश्न. थेट परिणाम अंतराच्या सहाव्या घातानं पडतो. १ नॅनोमीटरवर जो दर आहे तो ५ नॅनोमीटरवर १५,६२५ पट कमी. म्हणजे थेट हिशोबानं आयनच्या भोवतालची चिमूटभर मंडळीच सुटायला हवीत.

बाकीच्यांसाठी स्पिन डिफ्यूजन आहे. शेजारशेजारचे दोन सारखे न्यूक्लियस आपापली दिशा अदलाबदल करतात, एक वर एक खाली, एकूण ऊर्जा तेवढीच. जांभ्याचे चिरे ट्रकमधून उतरवून आत परसात न्यायचे असतात तेव्हा गडी रांगेत उभे राहून हातोहात पुढे देतात ना, कोणी जागचा हलत नाही पण चिरा पोचतो. तसं न्यूक्लियस जागीच, ध्रुवीकरण मात्र सरकत सरकत आयनपर्यंत जातं आणि तिथे लॅटिसमध्ये (स्फटिकाच्या जाळीत) खाली टाकलं जातं. प्रोटॉन दाटीवाटीनं असतात अशा सेंद्रिय घन पदार्थात हे जोरात चालतं. फक्त आयनच्या अगदी जवळच्या न्यूक्लियसची फ्रिक्वेन्सी आयनच्या क्षेत्रामुळे इतकी सरकलेली असते की शेजाऱ्याशी अदलाबदल जमत नाही, त्याला डिफ्यूजन बॅरिअर म्हणतात. रांगेतल्या शेवटच्या गड्याचा हात पोचत नाही म्हणा.

कालवंवाला :
चिऱ्यांची रांग प्रोटॉनला ठीक आहे हो, पण धागाकर्त्याचा न्यूक्लियस सिलिकॉन-२९ आहे आणि तो निसर्गात ४.७ टक्केच असतो. म्हणजे दर वीस गड्यांत एकच हजर. वर त्याचा स्वतःचा मोमेंट लहान, आणि एमएएसमध्ये (सॅम्पल तिरकं धरून गरगर फिरवण्याच्या पद्धतीत) रोटर फिरवला की उरलीसुरली अदलाबदल पण मोडते. म्हणून सिलिकॉनला बहुतेक वेळा डिफ्यूजन विसरा, प्रत्येकजण आपापल्या अंतरावरून थेट आयनकडूनच सुटतो.

आणि ह्याचा परिणाम लोक पाहात नाहीत. थेट सुटणारे म्हणजे जवळचे भराभर, लांबचे रखडत, त्यामुळे सिग्नल साध्या एक्स्पोनेन्शिअलनं वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळानं वाढतो. आपण सगळे डोळे झाकून पाच टी-वन थांबा असं म्हणतो कारण साध्या एक्स्पोनेन्शिअलला तेवढ्यात ९९.३ टक्के परत येतं. वर्गमूळवाल्याला पाच टी-वनमध्ये ८९ टक्केच येतं, ९९ हवं तर एकवीस टी-वन थांबायला लागतं. उलट सुरुवातीला तो वेगात असतो, टी-वनच्या दहाव्या भागात २७ टक्के मिळतं जिथे साध्याला साडेनऊ. म्हणून घाईघाईत पल्स मारणाऱ्याला सिग्नल दिसतो आणि तो खूश होतो.

अजून एक. डिफ्यूजन चालू असलं तर रिलॅक्सेशनचा दर आयनच्या संख्येच्या सरळ प्रमाणात, थेट प्रकारात संख्येच्या वर्गात. लोह दुप्पट झालं की टी-वन चौथाईवर. दोन-तीन वेगवेगळ्या लोहाची सॅम्पल्स असली तर ह्यावरनं कुठला प्रकार चाललाय ते कळतं.

सड्यावरचा :
थांबा थांबा. म्हणजे मातीत जर केओलिनाइट आणि थोडी क्वार्ट्झ दोन्ही आहेत आणि मी पाच सेकंदांवर काढलं तर ज्यात लोह तोच जास्त दिसणार?

कालवंवाला :
तेच तर. केओलिनाइटच्या जाळीत ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरतं, ते सुटं-सुटं असतं, त्यामुळे त्याचा सिलिकॉन लगेच परत येतो. क्वार्ट्झचा दाणा बाजूलाच असतो पण त्याच्या आत लोह नाही, तो सॅच्युरेट होऊन गप्प. तुझ्या स्पेक्ट्रममध्ये केओलिनाइट उणे ९१ पीपीएमच्या (स्पेक्ट्रमवरच्या जागेचं एकक) जवळ मोठ्ठं आणि क्वार्ट्झ उणे १०७ ला कुठेतरी किरकोळ दिसणार, आणि तू लिहिणार ९५ टक्के केओलिनाइट. आकडा छान, अर्थ शून्य. क्ष-किरणानं त्याच पावडरीत क्वार्ट्झ भरपूर निघेल आणि मग व्हायवाला धुतील.

मिऱ्याबंदर :
मी माती तपासणीतली आहे, स्पिनबिन मला कळत नाही पण "लोह आहे" एवढ्यावर तुम्ही सगळे थांबलात ते खटकलं. आपल्याकडच्या मातीत लोह निदान तीन ठिकाणी असतं. एक, खनिजाच्या जाळीच्या आत. दोन, दाण्यावर बसलेला गोएथाइट-हेमेटाइटचा लेप, जांभ्याचा लाल-पिवळा रंग त्याचाच. तीन, सुटे काळे दाणे. आपल्या किनाऱ्यावर मालगुंड, काळबादेवी, मिऱ्या ह्या बाजूला काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट असतं.

एक साधं करून बघ बाळा. वाळू चांगली वाळव, कागदावर पातळ पसर आणि कागदाच्या खालून जोरदार चुंबक फिरव. मॅग्नेटाइट असलं तर काळे कण उठून उभे राहतात आणि चुंबकाबरोबर धावतात, इल्मेनाइट सुस्त असतं, चुंबक अगदी टेकवला तरच एखादा कण कूस बदलतो. पिवळा लेप असलेला क्वार्ट्झचा दाणा ढिम्म हलत नाही. भिंग घेऊन बघितलंस तर लेप खळग्यांत जास्त दिसेल, दाण्याच्या उघड्या बाजूवर घासून गेलेला असतो.

आणि ॲसिड नको रे. गरम कडक ॲसिडमध्ये मातीतलं ॲल्युमिनियम निघतं आणि मागे बिनस्फटिकी सिलिका उरते.

फिरकी_गोलंदाज :
ताई, तुम्ही सगळ्यात कामाचं सांगितलंत. त्या बिनस्फटिकी सिलिकेची रेषा उणे ११० च्या आसपास जाड येते, म्हणजे ती क्वार्ट्झच्या अंगावरच बसणार. ऑपरेटरचं ऐकलं असतं तर आगीतून फुफाट्यात.

आता ह्या तीन लोहांचं फिजिक्स वेगवेगळं आहे. जाळीतलं सुटं लोह हे खरं पॅरामॅग्नेटिक, टी-वन तेच पाडतं. गोएथाइट आणि हेमेटाइट हे आपल्या तापमानाला अँटिफेरोमॅग्नेटिक गटातले, त्यांचे स्पिन एकमेकांशी जखडलेले असतात, हेमेटाइट तर साधारण ९५० केल्विनपर्यंत. तिथलं लोह सुट्या आयनच्या नियमानं चालतच नाही. इल्मेनाइट उलट, त्याची जखडण ५५ केल्विनच्या आसपास होते म्हणून आपल्या हवेत ते पॅरामॅग्नेटिक, पण दाणाच वेगळा. ह्या लेपांचं आणि दाण्यांचं मुख्य काम म्हणजे आजूबाजूचं क्षेत्र वेडंवाकडं करणं, म्हणजे रेषा जाड. थोडा जरी मॅग्नेटाइट असला तर तो सगळ्यात वाईट, आणि रोटर भर चुंबकात फिरवताना धोका वेगळाच.

आणि वाळूला लेपाचा फायदा का नाही ते आता हिशोबानं बघ. दाणा धर ०.२ मिलिमीटरचा. लेपात चांगलं सुटं लोह असलं आणि त्याचा प्रभाव ५ नॅनोमीटर आत गेला असं मानलं तरी त्या सालीचं आकारमान दाण्याच्या दहा हजारात दीड भाग. डिफ्यूजन नाही म्हणून आतल्या गाभ्यापर्यंत काहीच पोचत नाही. दाणा बाहेरून कितीही पिवळा असू दे, आत तो गॉर्टरचाच स्फटिक.

देवगडकर :
मग कुटून बारीक केली तर?

फिरकी_गोलंदाज :
दोन मायक्रॉनपर्यंत कुटलीस तरी साल दीड टक्का. आणि स्टीलच्या मिलमध्ये कुटलीस तर त्याच मिलचं लोखंड पावडरीत, शिवाय पृष्ठभागाचा चुरा होतो तो वेगळा. बाहेरून पॅरामॅग्नेटिक आयन द्यायला कॉपर सल्फेटचं पाणी घालून वाळवणं पण ह्याच कारणानं वाळूवर चालत नाही.

चाकरमानी_बोरिवली :
उशिरा आलो, ऑडिट चालू होतं. कॉपरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, प्रोटीनवर तो चालतो. सूक्ष्म स्फटिकी प्रोटीनमध्ये कॉपर-ईडीटीए साधारण १० मिलिमोलर घालतात, स्फटिकातल्या पाण्यातून ते आत पसरतं, प्रोटॉनचा टी-वन पडतो, डिफ्यूजन बाकीचं करतं आणि त्याच वेळेत कितीतरी जास्त स्कॅन बसतात. २००७-२००९ च्या आसपास ह्यावर बरंच काम झालंय. तिथे रांग शाबूत असते म्हणून जमतं.

पण कुठला धातू हे फार महत्त्वाचं. सुटे इलेक्ट्रॉन किती एवढंच बघू नका, इलेक्ट्रॉन स्वतः किती वेगात पालथा होतो ते बघा. घन पदार्थात रेणू फिरत नाहीत त्यामुळे क्षेत्र हलवण्याचं काम इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या रिलॅक्सेशनवरच असतं. सॉलोमनच्या समीकरणातनं (१९५५) येतं ते असं की इलेक्ट्रॉनची वेळ गुणिले न्यूक्लियसची कोनीय फ्रिक्वेन्सी एकच्या जवळ आली की परिणाम सर्वात जास्त. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर प्रोटॉनला ती वेळ ०.४ नॅनोसेकंद पडते, त्याच मशीनवर सिलिकॉन ७९.५ मेगाहर्ट्झला असतो, त्याला साधारण २ नॅनोसेकंद. कॉपर दोन-प्लस, मँगनीज दोन-प्लस, गॅडोलिनियम तीन-प्लस हे संथ म्हणून जोरदार. कोबाल्ट दोन-प्लस, डिस्प्रोसियम तीन-प्लस हे पिकोसेकंद आणि त्याहून खाली पळतात, ते रेषा सरकवतात पण टी-वन तेवढा पाडत नाहीत. एमआरआयला कॉन्ट्रास्ट म्हणून गॅडोलिनियम देतात आणि डिस्प्रोसियम नाही ह्याच्या मागे हेच.

ह्यातनंच एक उलटी गोष्ट निघते. लोह खूप वाढून आयन एकमेकांना खेटले की ते आपापसातच इलेक्ट्रॉन पालथे करतात, वेळ घटते आणि प्रत्येक आयनची ताकद कमी होते. म्हणून दुप्पट लोह म्हणजे चौथाई टी-वन हा वरचा नियम विरळ असतानाच. आणि लोह खरंच भरपूर असेल तर आयनच्या जवळचे सिलिकॉन इतके रुंद होतात की दिसतच नाहीत, स्पेक्ट्रममधून गायब.

सड्यावरचा :
म्हणजे जवळचे गायब, लांबचे सॅच्युरेट, आणि मी बघतोय ते फक्त मधले?

चाकरमानी_बोरिवली :
हो रे. म्हणून सिग्नल किती टक्के सिलिकॉनचा आहे हे वजन करून, ओळखीच्या सॅम्पलशी ताडून बघितल्याशिवाय टक्केवारी लिहू नकोस. हे कोणी करत नाही कारण रोटर तोलायचा कंटाळा. मला विचाराल तर ह्या विषयातले निम्मे वाद त्या न तोललेल्या रोटरमुळे आहेत.

देवगडकर :
ह्या सगळ्यात आमच्या शिंपल्यांचा काय? कालवां आणि तिसऱ्यो दोनव चुनोच ना.

कालवंवाला :
नावाला जागून उत्तर देतो. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, पण कालव बहुतेक कॅल्साइट आणि तिसरी ॲरागोनाइट. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या भोवती सहा ऑक्सिजन, त्या जागेत छोटा मँगनीज दोन-प्लस नीट बसतो, ॲरागोनाइटमध्ये नऊ ऑक्सिजनची मोठी जागा, तिला स्ट्राँशियम आवडतं. त्यामुळे कार्बन-१३ चा टी-वन मोजायला गेलात तर कॅल्साइटला मँगनीजची मदत मिळायची शक्यता जास्त. मँगनीज आहे का ते ईपीआरला (सुट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल मोजणाऱ्या तंत्राला) लगेच कळतं, सहा रेषा येतात, त्याच्या न्यूक्लियसचा स्पिन ५/२ आहे म्हणून. खाडीच्या चिखलात जुना पडलेला शिंपला आणि ताजा शिंपला असे दोन्ही घेतलेत तर फरक बघायला मजा येईल, चिखलात पडल्या-पडल्या मँगनीज आत जाऊ शकतं. कार्बन-१३ पण १.१ टक्केच, म्हणजे परत वर्गमुळाचीच गोष्ट. आतलं खाल्ल्यावर शिंपले टाकू नका.

फिरकी_गोलंदाज :
जाता जाता एक, कारण कोणीतरी विचारेलच की थंड केलं तर काय. इलेक्ट्रॉन पालथा होतो म्हणून न्यूक्लियस सुटतो, बरोबर? १ केल्विन आणि २.५ टेस्लाला ९३ टक्के ध्रुवीकरण होतं, जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन एकाच बाजूला झोपलेले, पालथं व्हायला कोणी उरत नाही. तिथे तेच लोह असूनही टी-वन परत भयंकर लांबतो. मातीच्या सॅम्पलला हे करायची गरज नाही, पण लोह म्हणजे टी-वन कमी हे वाक्य तापमान न सांगता बोलू नये.

सड्यावरचा :
सगळ्यांना धन्यवाद, बरंच सुटलं. पुढच्या स्लॉटचं असं ठरवलंय. मातीतून आधी चुंबकानं काळं काढणार, मग ताईंच्या...

मिऱ्याबंदर :
डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेट. ८० अंशांच्या वॉटरबाथवर, खिडकी उघडी ठेवून कर, वास सुटतो. त्यानं लेपातलं लोह जातं, जाळीतलं राहतं. धुतल्यावर मीठ नीट काढ, नाहीतर वजन चुकेल.

सड्यावरचा :
हां तेच. म्हणजे धुतलेली आणि न धुतलेली अशी जोडी. गाइडचं लोह जाळीतलं आणि ऑपरेटरचं लोह लेपातलं असेल तर धुतल्यावर रेषा बारीक व्हायला हवी आणि टी-वन फारसा हलायला नको. दोन्ही हललं तर परत इथेच येऊन डोकं खाईन. टी-वन मोजायला इन्व्हर्शन रिकव्हरी (सिग्नल उलटा करून परत येताना बघणं) सोडतोय, सॅच्युरेशन रिकव्हरी (सिग्नल आधी शून्य करून परत वाढताना बघणं) घेणार, डिले एक, तीन, दहा, तीस सेकंद असे वाढवत, आणि एक्स्पोनेन्शिअलमधला घात ०.५ धरून न चालता फिटला सोडणार. वाळूचं काय करू तेवढं सांगा.

कालवंवाला :
वाळूला सीपीएमजी लाव. क्वार्ट्झची रेषा बारीक असते, एका पल्समागे प्रतिध्वनींची लांबच लांब माळ गोळा करता येते, ती सगळी बेरजेत धर. थोडे स्कॅन घे आणि मध्ये लांब थांब, रात्रभर भराभर मारण्यापेक्षा त्यात जास्त निघेल. आणि ऑपरेटरला आधीच सांगून ठेव की स्क्रीनवर बराच वेळ काही हलणार नाही, नाहीतर तो मशीन अडकलंय समजून रन बंद करेल.